राजेशच्या बॅगेवरचं नाव

ही हकिगत दोन हजार तेवीस सालची. त्या वर्षी टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये ऑक्टोबर उजाडला तरी उन्हाळा हलायला तयार नव्हता, आणि सुवर्णाताईंचा मुलगा देवदत्त बॅग ठरवायला तयार नव्हता.

बॅग म्हणजे साधीसुधी नव्हे. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावणारी, चार चाकांची, ॲल्युमिनियमची. देवदत्त कन्सल्टंट होता. दर सोमवारी सकाळी तो विमानानं कुठल्या तरी गावाला जायचा आणि गुरुवारी परत यायचा. मे महिन्यात सुवर्णाताई कराडहून आल्या त्याच आठवड्यात त्याच्या जुन्या बॅगेचं एक चाक निखळलं, आणि त्यानं जाहीर केलं, "आता एकदाच घ्यायची, पण अशी घ्यायची की रिटायर होईपर्यंत बघायला नको."

तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. पत्र्याची जाडी, कोपऱ्यांवरचे रिव्हेट, कुलपाच्या खिट्या, चाकांतलं बेअरिंग. सुवर्णाताईंना गंमत वाटायची. त्यांच्या वडिलांचं कराडला भांड्यांचं दुकान होतं. तिथं तांब्या-पितळेला पुढची मांडणी मिळे, स्टीलला मधली, आणि ॲल्युमिनियमची पातेली मागच्या अंधारात एकात एक घालून ठेवलेली असत. हॉटेलवाल्यांनी आणि बोर्डिंगवाल्यांनी न्यावीत म्हणून. त्याच धातूचा एक डबा घेण्यासाठी आपला इंजिनिअर मुलगा पाच महिने झोप घालवतो, हे बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याला आधी पाणी दिलं असतं.

पण गंमत करत बसण्यासारखी परिस्थिती नव्हती, कारण त्या बॅगेत सुवर्णाताईंचा जीव अडकला होता. त्यांची थोरली बहीण वसुधा मिशिगनमधल्या ॲन आर्बरला मुलाकडे राहायची. वय ऐंशीला टेकलेलं, गुडघे गेलेले, त्यामुळे तिचं येणं शक्य नव्हतं. दोघी सात वर्षांत भेटल्या नव्हत्या. सुवर्णाताईंचं परतीचं तिकीट नोव्हेंबरच्या अखेरचं होतं, आणि 'पुढच्या खेपेला भेटू' असं म्हणायची चैन ह्या वयात परवडत नाही, हे दोघींनाही कळत होतं.

"मावशीकडे नक्की नेतो," मे महिन्यात पहिल्याच रात्री आमरस खाताना देवदत्तनं मान हलवली होती. "एवढं बॅगेचं होऊ दे. ह्या मोडक्या बॅगेनं आणखी एक ट्रिप नको."

जूनमध्ये बॅगेचं झालं नाही. ऑगस्टमध्येही नाही.

"मी एकटी जाते," एकदा सुवर्णाताई म्हणाल्या.

"आई, डॅलसचं एअरपोर्ट आपल्या कराडपेक्षा मोठं आहे. आत ट्रेन धावते. तू चुकलीस तर मी कुठं शोधू?"

"आणि कराडहून इथवर आले ती काय पोस्टानं आले?"

"तेव्हा व्हीलचेअर होती."

"मग तेव्हा मी चुकले असते तर व्हीलचेअर चुकली असती. मी कशाला चुकतेय?"

देवदत्त चाकांचा व्हिडिओ बघायला निघून गेला.

सप्टेंबरच्या शेवटी मात्र त्यानं मोठी उडी घेतली. दोन वेगवेगळ्या दुकानांतून एकदम दोन बॅगा घरी आणल्या. एक उभ्या पन्हाळ्यांची, म्हणजे नालीदार पत्र्याची, दुसरी सपाट पत्र्याची. दोन्ही वापरून बघायच्या, एक ठेवायची, एक परत करायची, असा बेत. हा बेत त्यानं आसावरीला, म्हणजे बायकोला, गाडीत सांगितला. आईला सांगायचं राहून गेलं.

मग परीक्षा सुरू झाल्या. किराणा दुकानातून आणलेली तूरडाळ आणि बासमतीची पिशवी आत भरून तो बॅगा घरभर फिरवी. खरचटू नये म्हणून चाकांना मुलीचे, इलाचे, जुने मोजे घातलेले असत.

"ऐक, हिचा अजिबात आवाज येत नाही," तो म्हणे.

"मोजे घातले की माझाही येत नाही," आसावरी म्हणे.

सुवर्णाताईंना ते मोजे बघून भरून आलं. नव्या वस्तूचं एवढं कौतुक त्यांच्या माहेरी फक्त लग्नाच्या रुखवताला होत असे.

ह्याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली. इलाचा शाळेचा कॅम्प निघाला आणि प्रत्येकाच्या पाण्याच्या बाटलीवर नाव हवं, असा निरोप आला. बाटली स्टीलची. आसावरीनं धातूवर लिहिणारं एक छोटं मशीन मागवलं. पेनाएवढं, बटण दाबलं की भुंग्यासारखं गुणगुणणारं. तिनं एका चमच्यावर लिहून पाहिलं तर कोंबडी नाचून गेल्यासारखं दिसलं.

"आण इकडे," सुवर्णाताई म्हणाल्या.

त्यांनी बाटली मांडीवर घेतली, अंगठ्यानं दाबून धरली, आणि बघता बघता ठिपक्या-ठिपक्यांनी 'कु. इला देवदत्त म्हैसकर' असं नाव उमटलं. शेवटी एक कोयरी.

"आई, हे कुठं शिकलात?"

"दुकानात. बाबांचा हात थरथरायला लागला तेव्हा मी चौदाची होते. वसुधा गिऱ्हाइकाला नाव विचारायची, मी छिन्नी-हातोडीनं घालायची. गिऱ्हाइकानं मान हलवली रे हलवली की बाबा पातेलं माझ्या मांडीवर देत. नाव पडलं की सौदा पक्का. मग घरी जाऊन बायको काही म्हणो, भांडं परत येत नसे." त्यांनी बाटली पदरानं पुसली. "बाबांना फार घोळ घालणारी माणसं आवडायची नाहीत."

आसावरीनं तेव्हा कौतुक केलं आणि मशीन टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं.

आता राजेश. राजेश खापर्डे हा देवदत्तचा विमानतळावरचा मित्र, मूळचा नागपूरचा. दर सोमवारी दोघं बरोबर कॉफी प्यायचे, मग देवदत्त त्याच्या विमानाला लागायचा आणि राजेश डेट्रॉइटच्या. राजेशकडे चार वर्षं वापरलेली एक ॲल्युमिनियमची बॅग होती. वापरलेली म्हणजे काय, त्यानं तिला निळ्या जाड कापडाचं बटणांचं कव्हर शिवून घेतलं होतं आणि ते कधी काढत नसे. ही बॅग जगातली उत्तम बॅग आहे, हे तो प्रत्येकाला सांगे. दाखवत कोणालाच नसे.

"यार, एक दिवस दे," देवदत्तनं गळ घातली. "तिन्ही शेजारी ठेवून बघतो. रविवारी संध्याकाळी घेऊन जा."

राजेशनं शनिवारी संध्याकाळी बॅग आणून दिली. तेव्हा सुवर्णाताई पलीकडच्या गल्लीत भजनाला गेल्या होत्या.

रात्री जेवताना देवदत्त खुशीत होता. "आई, उद्या बॅगेचं फायनल. मग लगेच ॲन आर्बर."

"नक्की?"

"नक्की. फक्त एक डोक्यात आहे. गेल्या महिन्यात विमानातून उतरताना एक माणूस वरच्या कप्प्यातून माझीच बॅग घेऊन चालला होता. ह्या ॲल्युमिनियमच्या तर सगळ्या सारख्याच दिसतात. त्याचा विचार करायला हवा."

विचार करायला हवा, हे शब्द ऐकून सुवर्णाताईंनी हातातला घास परत ताटात ठेवला.

रविवारी सकाळी सगळे इलाच्या पोहण्याच्या क्लासला आणि तिथून किराण्याला गेले. सुवर्णाताई चहा घेऊन बाहेर आल्या तर भिंतीशी ओळीनं तीन बॅगा उभ्या. एकीला निळं कव्हर. त्यांनी बटणं काढली. आतली बॅग अशी लखलखीत की कालच कारखान्यातून आली असावी.

तीन बॅगा, घरात प्रवास करणारी तीन माणसं. सुवर्णाताईंची स्वतःची कापडी बॅग होतीच. म्हणजे सगळेच निघायचे. देवदत्त बोलत नाही, पण मनात असतं त्याच्या, त्यांना वाटलं. राहता राहिला तो सारखं दिसण्याचा प्रश्न, आणि त्यावर तर तो पुन्हा विचार करायला बसणार होता.

सुवर्णाताईंनी चहा संपवला, चष्मा पुसला आणि ड्रॉवर उघडला.

पन्हाळ्यांच्या बॅगेवर मुठीखाली सपाट पट्टी होती. तिथं 'श्री. देवदत्त श्रीरंग म्हैसकर' आलं. सपाट बॅगेवर 'कु. इला देवदत्त म्हैसकर'. निळ्या कव्हरातली सगळ्यांत देखणी, ती सुनेला. 'सौ. आसावरी देवदत्त म्हैसकर, अर्विंग'. तिच्यावर कोयरीही जरा मोठी काढली. पत्रा मऊ होता, लोण्यासारखा. हात इतका रमला की त्या गुणगुणू लागल्या.

दुपारी मंडळी परत आली. देवदत्त भाजीची पिशवी घेऊन आत आला आणि तिथंच थांबला.

"आई, हे काय आहे?"

"नाव."

"कोणाचं?"

"वाच की. शाळेत मराठी होतं तुला."

इला मागून पळत आली. "ओ माय गॉड, आजी. इज धिस माइन?" तिनं नावावरून बोट फिरवलं. "डॅडी, यू गॉट मी अ सूटकेस?"

देवदत्त खुर्चीत बसला. भाजीची पिशवी त्याच्या मांडीवर राहिली, त्यातून पालक बाहेर डोकावत होता. "ह्यातली एक परत करायची होती," तो पालकाशी बोलावं तसं म्हणाला.

"परत?" सुवर्णाताई म्हणाल्या. "मोजे घालून फिरवत होतास ती परत करायला?"

आसावरी मात्र तिसऱ्या बॅगेपाशी उभी होती. "देवदत्त," ती हळूच म्हणाली, "माझं नाव राजेशच्या बॅगेवर आहे."

देवदत्तनं घड्याळाकडे पाहिलं.

राजेश पाचला येणार होता. देवदत्त इलाची बॅग उचलून दुकानात गेला. काउंटरवरच्या मुलीनं अक्षरांवरून बोट फिरवलं, हे कोणी केलं म्हणून विचारलं, माझ्या आईच्या ब्रेसलेटवर असं करून मिळेल का म्हणून विचारलं, आणि बॅग परत त्याच्या हातात दिली. नाव घातलेली वस्तू ते परत घेत नव्हते. कराडचाच नियम होता, फक्त इंग्रजीत.

इकडे आसावरीनं एक व्हिडिओ शोधला होता. टूथपेस्ट लावून घासलं की ओरखडे जातात म्हणे. तिनं राजेशच्या बॅगेवर अर्धी ट्यूब संपवली. नाव गेलं नाही. भोवतालचा पत्रा मात्र असा उजळला की 'सौ. आसावरी' चिंच लावलेल्या तांब्यासारखी दारातूनही वाचता येऊ लागली.

"कव्हर घालून देऊन टाकू," देवदत्त म्हणाला. "चार वर्षांत त्यानं काढलं नाही, आता कशाला काढतोय?"

"खोटं बोलायचं?" सुवर्णाताईंनी विचारलं.

"बोलायचं नाही. काहीच बोलायचं नाही."

बरोबर पाचला राजेश आला. त्याच्यापुढं पोहे ठेवले गेले. देवदत्त हवामानावर बोलत राहिला. डॅलसचं हवामान संपलं तेव्हा त्यानं पुण्याचं काढलं. राजेशनं दुसरा घास घेतला, तेवढ्यात सुवर्णाताई समोर येऊन बसल्या.

"राजेश, तुझ्या बॅगेवर मी नाव घातलंय."

"अरे वा, काकू. माझं?"

"नाही. आसावरीचं."

राजेशचा चमचा हवेत राहिला. मग तो उठला, त्यानं एकेक बटण काढलं, आणि नाव वाचलं. "बाप्पा," तो म्हणाला. "चार वर्षं मी हिला ऊन लागू दिलं नाही."

"यार, माझी घे," देवदत्त घाईनं म्हणाला. "नवी आहे."

"त्याच्यावर तुझं नाव आहे. हॉटेलात रोज तुझं नाव पाहून झोपू का मी?"

"मग ती सपाट घे."

राजेशनं वाचलं. "कुमारी इला? मिटिंगमध्ये?"

"तू कव्हर घालतोसच की," आसावरी म्हणाली. "कोणाला दिसणार आहे?"

"वैदेहीला. कव्हर तीच धुते." वैदेही म्हणजे राजेशची बायको. मनानं चांगली, पण वकील. "ती विचारणार, दर सोमवारी तू कोणाची बॅग घेऊन जातो? आणि मी काय सांगू? माझ्या मित्राच्या आईनं, मी घरी नसताना, मित्राच्या बायकोचं नाव घातलं म्हणून? हे खरं आहे काकू, पण खरं वाटून राहिलं का?"

वाटत नव्हतं. सुवर्णाताईंनी चष्मा नाकावर सारखा केला.

"आमच्या दुकानात कधी चुकीचं नाव पडायचं," त्या म्हणाल्या. "बाबा खोडायचे नाहीत. खोडलेलं भांडं चोरीचं दिसतं. ते खाली एक ओळ वाढवायचे. आण ती बॅग."

आता बिघडायला काही उरलं नव्हतं, म्हणून राजेशनं बॅग दिली. मशीन गुणगुणलं. सगळे मान वाकवून बघत होते. 'सौ. आसावरी देवदत्त म्हैसकर, अर्विंग' ह्याच्या खाली शब्द उमटत गेले: 'यांजकडून बंधू चि. राजेश यास भाऊबीजेनिमित्त सप्रेम भेट'.

राजेशनं दोनदा वाचलं. "काकू, अक्षर फार सुंदर आहे. पण ही माझीच बॅग आहे."

"असू दे. आता बहिणीनं दिली म्हण. वैदेहीला त्यात विचारण्यासारखं काही आहे का?"

राजेशनं विचार केला. विचारण्यासारखं खरंच काही नव्हतं. "म्हणजे माझीच बॅग मला भेट मिळाली," तो म्हणाला, "आणि त्याबद्दल मला ओवाळणी घालावी लागणार?"

"दिवाळी महिन्यावर आली आहे, दादा," आसावरी म्हणाली, आणि तिनं त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले.

राजेश दादा झाल्यावर घरातलं वातावरण निवळलं. चहा आला. सुवर्णाताईंनी घरच्या माणसाची करावी तशी त्याची चौकशी सुरू केली. "मग उद्या कुठं जायचं?"

"नेहमीचंच, काकू. डेट्रॉइट."

"तिथून ॲन आर्बर लांब पडतं का रे?"

"लांब कुठं? एअरपोर्टवरून अर्धा तास. माझा क्लायंट ॲन आर्बरलाच आहे ना. युनिव्हर्सिटीजवळच्या हॉटेलात राहतो मी, वर्ष झालं."

सुवर्णाताईंनी कप खाली ठेवला. आसावरीनं देवदत्तकडे पाहिलं. इलाही पाहू लागली.

"तू मला कधी बोलला नाहीस," देवदत्त म्हणाला.

"तू कधी विचारलं? पाच महिने तू मला फक्त चाकांबद्दल विचारून राहिला."

पुढच्या सोमवारी सुवर्णाताई राजेशबरोबर निघाल्या. त्यांची कापडी बॅग इलानंच आत नेऊन ठेवली आणि सपाट ॲल्युमिनियमची पुढं केली. "आजी, यू टेक माइन. पण परत आण. नाव आहे त्यावर." विमानतळाच्या आत खरोखरच ट्रेन होती. सुवर्णाताईंनी ती पाहिली, तिच्यात बसल्या आणि उतरल्या. व्हीलचेअर घेऊन उभ्या असलेल्या बाईला त्यांनी हसून नको म्हटलं. बॅग एका बोटानं ढकलली तरी चालत होती. देवदत्तला चाकांतलं कळतं, हे त्यांनी मनात मान्य केलं.

ॲन आर्बरला पानं लाल-पिवळी झाली होती आणि वसुधाताई दारात वॉकर धरून उभ्या होत्या. दोघी आधी रडल्या, मग एकमेकींना जाड झालीस, वाळलीस असं म्हणून झालं. चहा घेताना सुवर्णाताईंनी सगळी हकिगत सांगितली. वसुधाताई कोयरीवर बोट ठेवून ऐकत होत्या.

"सुवर्णा, खरं सांग," त्या म्हणाल्या. "देवदत्तचा घोळ संपावा म्हणून घातलंस ना नाव?"

"मला वाटलं तिघांना तीन बॅगा."

"ते झालंच. पण बाबा गिऱ्हाइकानं मान हलवल्याशिवाय छिन्नीला हात लावू देत नसत."

सुवर्णाताईंनी बशीतली चकली मोडली. "त्यानं मान हलवली होती."

"कधी?"

"मे महिन्यात. आमरस खाताना."

त्या तीन आठवडे राहिल्या. परतताना गुरुवारच्या विमानात राजेशनं त्यांना खिडकीची जागा दिली.

पुढं काय झालं म्हणाल, तर वसुधाताई आहेत तिथंच आहेत, गुडघ्यांना शिव्या देत. त्यांच्या वॉकरच्या दांड्यावर आता ठिपक्यांत त्यांचं नाव आहे. सुवर्णाताई पुढच्याच वर्षी परत आल्या आणि तेव्हापासून सपाट बॅग घेऊन एकट्या हिंडतात. ॲन आर्बरला दोनदा, दूर पश्चिमेला बेलव्ह्यूला दुसऱ्या एका भाच्याकडे एकदा. घरातल्या कोणापेक्षाही त्यांचाच प्रवास जास्त होतो. इला आजीला बॅग उसनी देते आणि परत आली की चारी चाकं तपासून घेते. ह्या बाबतीत ती बापावर गेली आहे. राजेश दर भाऊबीजेला वैदेहीला घेऊन येतो, पाटावर बसतो आणि ओवाळणी घालतो. वैदेहीनं पहिल्याच वर्षी बॅगेवरचा मजकूर वाचून तो कायद्यानं पक्का असल्याचं सांगितलं. निळं कव्हर आता ती धूत नाही, कारण राजेश ते घालतच नाही. एअरपोर्टवर कोणी मराठी माणूस भेटला की तो बॅग अशी वळवून उभी करतो की नाव दिसावं.

देवदत्तच्या कंपनीनं पुढच्या जानेवारीत प्रवासच बंद केले. सगळं काम घरून. त्याची पन्हाळ्यांची बॅग पँट्रीत उभी असते. दिवाळीत तिच्यात शेव आणि चकल्या ठेवतात, आणि झाकण इतकं घट्ट बसतं की होळीपर्यंत कुरकुरीत राहतात. तो सध्या एअर फ्रायरची तुलना करतो आहे. आसावरी आता त्याच्याशी वाद घालत नाही. तुलना फार लांबली असं वाटलं की ती उठते, ड्रॉवरमधून ते पेनाएवढं मशीन काढते आणि काही न बोलता टेबलावर ठेवते.